डेल्मरच्या रिव्हॉल्व्हरखालची चिठ्ठी

हार्लो क्रीक, मोंटाना
९ फेब्रुवारी

प्रिय नोरी,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. तू बरी असशील असं धरून चालते. नसलीस तरी मला कुठे कळवणार आहेस! मी ठीक आहे. गुडघा दुखतो, पण तो काय आजचा आहे? गेल्या आठवड्यात पारा उणे वीसच्या खाली होता. पिकअप दोन दिवस सुरूच होईना, शेवटी शेजारच्या घरून वायर ओढून तिचं इंजिन रात्रभर विजेच्या हीटरने गरम ठेवावं लागलं. चर्चमध्ये पॅनकेकचं जेवण झालं. सगळ्यांनी तुझी चौकशी केली. मी म्हटलं, आहे बोइसीला, बरी आहे.

तुझ्या नवऱ्याच्या, डेल्मरच्या अंत्यविधीला मला येता आलं नाही, ते तुझ्या मनात राहिलेलं दिसतंय. खिंडीतला रस्ता बंद होता, हे मी फोनवरही सांगितलं होतं. तू लिहितेस, रस्ता मंगळवारी उघडला आणि विधी गुरुवारी होता. असेल. मला कुणी कळवलं नाही. सहासष्टाव्या वर्षी बर्फातून सहाशे मैल गाडी हाकायची म्हणजे खेळ नाही, नोरी.

आता तुझ्या मागणीचं बोलू. नेमबाजी क्लबच्या भिंतीवरचं डेल्मरचं फुटलेलं रिव्हॉल्व्हर तुला हवंय, आणि त्याच्याखाली लावलेली त्याच्या नावाची चिठ्ठी फाडून टाकायला हवीय. ते त्याच्या वडिलांचं होतं, हे मला ठाऊक आहे. पण ते आता क्लबचं आहे, आणि त्याचं भिंतीवर काम आहे.

काय काम, ते ऐक. दर मार्चमध्ये मी वर्ग घेते: घरच्या घरी पिस्तुलाची काडतुसं भरताना होणाऱ्या चुका. वीसबावीस जण येतात. दुकानातली काडतुसं परवडत नाहीत, म्हणून जो उठतो तो गॅरेजमध्ये काडतुसं भरायचं प्रेस बसवतो. यंदा बँकेतल्या एका बाईनेही नाव दिलंय. मी घसा कोरडा करून सांगते की टेबलावर बारुदाच्या पावडरचा एकच डबा ठेवा. माना डोलावतात आणि घरी जाऊन तीन मांडतात. तराजू रोज तपासा म्हटलं की आपसांत हसतात. मित्राने तोंडी सांगितलेलं माप वापरू नका म्हटलं तर विचारतात, मित्र चांगला असला तर? बार उडाल्यावर नुसतं फुस्स झालं तर हात थांबवा, गोळी नळीतच अडकली असेल, हे तर निम्म्यांच्या डोक्यावरून जातं. मग मी ते रिव्हॉल्व्हर खाली काढते आणि हातोहात फिरवायला देते. चक्री उघडी पडलेली, वरची पट्टी वाकून उभी राहिलेली. ते बघितलं की सगळे वह्या उघडतात. माझ्या इतक्या वर्षांच्या बडबडीने झालं नाही ते त्या लोखंडाने झालंय.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, एवढी अक्कल मलाही आहे. पण त्याचं गॅरेज तूही बघितलं होतंस. एका बाजूला टीव्हीवर फुटबॉल, टेबलावर अर्धं खाल्लेलं सँडविच, दोन डबे उघडे आणि हा बाबा गप्पा मारत मारत पावडर टाकतोय. काही बोललं की म्हणायचा, ‘अगं, हाताला सवय आहे.’ माझ्या गॅरेजमध्ये आला की दारातच थांबून टोपी काढायचा. ‘आर्डिस, हे टेबल आहे की ऑपरेशन थिएटर? पेशंट कुठाय?’ मी हसायचे नाही. हसायला हवं होतं की काय, कोण जाणे.

प्रत्येक खोक्याच्या झाकणात चिठ्ठी चिकटवायची असते: तारीख, गोळी कुठली, पावडर किती, आणि शेवटच्या ओळीत भरणाऱ्याचं नाव. नाव कशासाठी? तर दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही म्हणून. आपल्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. डेल्मरच्या त्या खोक्याला चिठ्ठीच नव्हती. मी उगाच काही जोडून सांगत नाहीये.

आणि रिव्हॉल्व्हर फुटलं त्या दिवशी तू नेमबाजीच्या मैदानावर नव्हतीस, मी होते. क्लबचा अध्यक्ष म्हणून ऑर्विलने सगळ्यांसमोर त्याला विचारलं, ‘कुणी भरलेली होती?’ डेल्मर म्हणाला, ‘मीच. अजून कोण?’ वीस माणसांनी ऐकलं. मग चिठ्ठीत खोटं काय आहे?

तेव्हा रिव्हॉल्व्हर मिळणार नाही. त्याचा कॉफीचा मग अजून क्लबच्या कपाटात आहे, कान तुटलेला. तो हवा असेल तर पाठवते.

आईचा विषय तू काढला नाहीस. मीही काढत नाही.

जपून राहा.

तुझी मोठी बहीण,
आर्डिस


हार्लो क्रीक
३ मार्च

नोरी,

पाकीट मिळालं. इकडे बर्फ वितळायला लागलाय, अंगणात नुसता चिखल. शेजाऱ्यांच्या गाईंना वासरं होतायत. मला तुझ्या पाकिटाबद्दल लिहायचंय आणि मी वासरांबद्दल लिहितेय.

आत पत्र असेल म्हणून मी पाकीट दोनदा झटकलं. निघाली एक चिठ्ठी, चार बोटं रुंद, मागचा डिंक वाळून पिवळा झालेला. सतरा एप्रिल. गोळी, पावडर, सगळं माझ्या अक्षरात. खाली, भरणारी: आर्डिस टॉलेफसन. कोपऱ्यावर तपकिरी डाग, अंगठ्याएवढा. आणि किराणा दुकानाच्या पावतीमागे तुझी दोन वाक्यं: ‘त्याच्या मासेमारीच्या पेटीत, तळाच्या कप्प्यात सापडली. अकरा वर्षं मी त्याला बोल लावले.’

पहिले दोन दिवस मी स्वतःशी वकिली केली. म्हटलं, कुठल्याही खोक्याची असेल. म्हटलं, आपण आयुष्यात हजार चिठ्ठ्या लिहिल्या, त्यातली एक त्याच्याकडे गेली तर नवल काय? तिसऱ्या दिवशी सकाळी कॉफी ओतताना कळलं की कोर्टात मी एकटीच आहे आणि कुणीच माझं ऐकत नाहीये.

तर ऐक. आता सगळं सांगते, मध्ये थांबले तर पुन्हा जमायचं नाही.

तो रविवार होता. ठोकळ्याच्या भोकांत काडतुसांच्या पन्नास रिकाम्या पुंगळ्या उभ्या, दहा-दहाच्या पाच ओळी. मी एकेकीत पावडर टाकत होते. तिसऱ्या ओळीत असताना फोन वाजला. माझा नियम तुला ठाऊक आहे, घर पेटलं तरी भरताना फोन उचलायचा नाही. मी उचलला, कारण आईच्या नर्सिंग होममधून असेल असं वाटलं. तू होतीस. तू म्हणालीस, ‘तुझी काडतुसं पुसून ओळीने उभी असतात. तीन महिन्यांत आईचे केस एकदा तरी धुतलेस का?’

मी फोन आपटला. टेबलाशी आले तेव्हा कुठली पुंगळी भरली आणि कुठली राहिली, काही आठवेना. अशा वेळी काय करायचं, हे मी दरवर्षी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते: शंका आली की सगळं ओतून टाका, पहिल्यापासून भरा. पाच मिनिटांचं काम. ओतलं नाही. टॉर्च हाताशी होता. एकेका पुंगळीत उजेड टाकला असता तर भरलेली आणि दुप्पट भरलेली लगेच वेगळी दिसली असती. तोही टाकला नाही. मी तुझ्याशी भांडत होते ना, मनातल्या मनात! हिला काय कळतं, ही कोण मला शिकवणार, हिचा नवरा सँडविच खात बारूद भरतो. आणि हात चालूच होता. मग गोळ्या बसवल्या, झाकणात चिठ्ठी लावली, नीट अक्षरात.

शनिवारी सकाळी डेल्मर आला. त्याच्या प्रेसचा दांडा मोडला होता आणि दुपारी स्पर्धा. ‘आर्डिस, एक खोकं दे ना.’ मी म्हटलं, ‘दुसऱ्याची भरलेली वापरतोस? लाज नाही वाटत?’ तो म्हणाला, ‘दुसऱ्याची कुठे? तुझी. माझ्या हातापेक्षा माझा तुझ्या हातावर जास्त भरवसा आहे.’ मला आवडलं, नोरी. सगळ्या जिल्ह्यात कुणी मला असं म्हटलं नव्हतं. मी स्वतः फळीवरून खोकं काढून त्याच्या हातात दिलं.

एकोणिसाव्या बाराला रिव्हॉल्व्हर फुटलं. पुढचं तू दवाखान्यात बघितलंस: अंगठा गेला, दोन बोटं कायमची वाकली, आणि डिझेल इंजिनं उघडून जोडणारा माणूस शर्टाची गुंडी लावायला तुला हाक मारू लागला.

पण जे तू बघितलं नाहीस ते हे. ऑर्विलने विचारलं तेव्हा डेल्मर जमिनीवर बसलेला होता, हाताला टॉवेल गुंडाळलेला. त्याने आधी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगते, उघडलं होतं. त्याने मान हलवली, इतकीशी, नको म्हणून. मग म्हणाला, ‘मीच. अजून कोण?’ आणि मी तोंड मिटलं. त्याला मान हलवायला एक क्षण लागला. मला तोंड उघडायला अकरा वर्षं होती.

त्याने असं का केलं? मला वाटतं, त्याला ठाऊक होतं की तो वर्ग, ते टेबल, ती नीट अक्षरं, याखेरीज माझ्याकडे काही नाही. नवरा नाही, पोरं नाहीत. माझी कीव केली असेल. मला कीव सहन होत नाही, म्हणून मी ते त्याच्या गचाळपणात ढकललं. म्हटलं, त्याचीच जुनी काडतुसं मिसळली असतील. म्हटलं, दुसऱ्याची वापरली म्हणून लाजून खोटं बोलला असेल.

तू विचारशील, मला नक्की माहीत होतं का? होतं. उरलेली एकतीस काडतुसं ऑर्विलने तपासायला कुणाकडे दिली असतील? जाणकार म्हणून माझ्याकडेच! मी घरी एकेक उघडलं. आणखी दोन निघाली, दुप्पट पावडरची. आणि खोक्याच्या झाकणात चिठ्ठीच्या जागी नुसता डिंक होता. कुणीतरी ती ओरबाडली होती. आता कळलं की टॉवेलमधला हात तसाच ठेवून त्याने डाव्या हाताने ती काढली आणि खिशात घातली.

मी ऑर्विलला लिहून दिलं: दुप्पट पावडर, निष्काळजीपणा. भिंतीवरची चिठ्ठीही मीच लिहिली. ‘डेल्मर हॉफ्टन. गप्पा मारत भरली.’ अक्षर चांगलं आहे ना माझं, म्हणून मलाच सांगितलं.

दर ख्रिसमसला त्याचं कार्ड यायचं, डाव्या हाताचं वेडंवाकडं. ‘वर्ग कसा चाललाय, आर्डिस?’ एवढंच. मी टोमणा समजून ते शेगडीत टाकायचे. टोमणा होता की खरंच विचारत होता, ते आता कुणाला विचारू?

आणि तुला एक सांगायचं राहिलं. एवढी वर्षं मी मनात तुलाच दोष दिला. फोन तू केलास म्हणून. तू फोन केला नसतास तर, हे वाक्य मी भांडी घासताना, गाडी चालवताना, चर्चमध्येसुद्धा म्हणत आले. आई जूनमध्ये गेली. मी तिचे केस तेव्हाही धुतले नव्हते. फोन तू केलास, उचलला मी. तू खरं तेच बोलली होतीस आणि मला खरं ऐकायची सवय नव्हती.

तू त्याला अकरा वर्षं बोल लावलेस, ते माझ्यामुळे. जेवताना, औषधाच्या वेळी, घर सोडून बोइसीला जाताना. त्याने ते ऐकून घेतले, आणि तुला पुढे कधी सांगणार होता की नव्हता, देव जाणे. हे मी तुला परत देऊ शकत नाही. माफीही मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तेवढं तरी ओझं तुझ्यावर टाकायचं नाही.

वर्ग एकवीस तारखेला आहे.

आर्डिस


हार्लो क्रीक
२२ मार्च

नोरी,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

काल वर्ग झाला. तेवीस जण होते. ऑर्विल नेहमीप्रमाणे मागे कॉफीच्या भांड्याजवळ. मी रिव्हॉल्व्हर खाली काढलं, तेव्हा बँकेतली बाई खालची चिठ्ठी वाचून म्हणाली, ‘हाच का तो गप्पिष्ट माणूस?’ म्हणजे गावात अजून त्याला हेच नाव आहे.

मी म्हटलं, ‘नाही. तो माणूस गप्पच राहिला. भरली मी.’

सगळं सांगितलं. फोन, तिसरी ओळ, न ओतलेली पावडर, शेजारी पडलेला टॉर्च. आईच्या केसांचं नाही सांगितलं, तेवढं आपल्या दोघींत राहू दे. दुसऱ्याने भरलेलं काडतूस का वापरू नये, हे या वेळी मला समजावून सांगावं लागलं नाही. ऑर्विल मध्येच म्हणाला, ‘आर्डिस, बस झालं. बस खाली.’ मी म्हटलं, ‘अकरा वर्षं बसलेच होते.’ मग तो बाहेर जाऊन उभा राहिला. एका म्हाताऱ्याने टोपी उचलली आणि दार आपटून गेला; डेल्मरने त्याचा ट्रॅक्टर दोन हिवाळे फुकट दुरुस्त केला होता. बाकीचे खुर्च्यांवर खिळून बसले. कुणी जांभई दिली नाही.

शेवटी ऑर्विल आत आला आणि किल्ली मागितली. वर्ग आता दुसरं कुणीतरी घेईल. मी किल्ली टेबलावर ठेवली. तो म्हणाला, ‘त्याला मी क्लबातून काढलं होतं, आर्डिस. मी स्वतः त्याच्या घरी जाऊन सांगितलं होतं. कॉफी पाजली त्याने मला.’ मोठा धिप्पाड माणूस, तोंड फिरवून उभा राहिला.

भिंतीवर आता फक्त चिठ्ठी आहे, नवीन. माझं नाव आहे, आणि खाली डेल्मरचंही, पण वेगळ्या कामासाठी: ‘दोष स्वतःवर घेतला.’ जुनी फाडली नाही. तुला फाडायची होती, म्हणून तुझ्यासाठी ठेवली.

ऑर्विलला विचारून रिव्हॉल्व्हर आणलं आणि पोस्टाने पाठवायला गेले होते. खिडकीतली बाई म्हणाली, बंदूक पोस्टाने जात नाही, फुटकी असली तरी नाही. तेव्हा मीच घेऊन येतेय. शनिवारी पहाटे निघेन, संध्याकाळपर्यंत पोचेन. खिंड उघडी आहे, या वेळी मी स्वतः विचारलं.

दार उघडायला नको. पायरीवर ठेवीन आणि गाडीत जाऊन बसेन. दहा मिनिटं थांबेन, मग निघेन. खोक्यात रिव्हॉल्व्हर आहे, दोन चिठ्ठ्या आहेत, एक तू पाठवलेली आणि एक भिंतीवरची जुनी, आणि त्याचा मग. मगाचा कान मी चिकटवलाय. गरम कॉफी ओतू नकोस, सुटेल.

घरातली भरलेली सगळी काडतुसं मी उघडून टाकली, तीनशेच्या वर होती. एकही चुकीचं निघालं नाही. सगळी बिनचूक होती, नोरी. आयुष्यभरात चुकली ती तेवढी तीनच.

खोक्याच्या झाकणात आतून चिठ्ठी लावली आहे, नेहमीसारखी. तारीख २२ मार्च. आत काय आहे ते लिहिलंय. आणि शेवटच्या ओळीत,

भरणारी:
आर्डिस टॉलेफसन